सतार आणि गिटारसाठी छोटे कंडेन्सर माइक घ्यायचे आहेत: कोणते आणि का?

मंद्र
नमस्कार मंडळी. मी सतार वाजवते, धाकटा भाऊ गिटार वाजवतो. दोघंही घरीच रेकॉर्डिंग करतो. आजवर एका डायनॅमिक माइकवर भागवलं. गिटारचं निभतं, सतारीचं नाही. मींड (तार ओढून स्वर घसरवणं) संपल्यावर तरफा, म्हणजे खालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, जो झंकार धरून ठेवतात, तो ऐकू यावा म्हणून गेन (सिग्नल मोठा करायची पातळी) वाढवला की त्याच्यासोबत 'स्स्स' असा आवाज वर येतो आणि तरफा त्यात बुडून जातात. समोर बसून ऐकणाऱ्याला जे सहज ऐकू येतं ते रेकॉर्डिंगमध्ये अजिबात उतरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पेन्सिलीसारखे दिसणारे छोटे कंडेन्सर (वीज लागणारे, जास्त नाजूक आवाज टिपणारे माइक) घ्यायचे ठरवलंय. माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसला दोन इनपुट आहेत, कंडेन्सरला लागणाऱ्या ४८ व्होल्टची सोयही आहे. यादीत रोड एनटी५, ऑक्टाव्हा एमके-०१२, लाइन ऑडिओ सीएम४ आणि श्युअर एसएम८१ आहेत. न्यूमन केएम १८४ सध्या आवाक्याबाहेर. मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या आतल्या पातळ चकतीचा) एकच घेणं बरं की छोट्यांची जोडी? जुळवलेली जोडीच हवी का? कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) घेऊ की ओम्नी (सगळीकडून सारखं ऐकणारा)? ऑनलाइन तुलना ऐकून ऐकून डोकं भंजाळलंय.

पडघम
खोली कशी आहे? आधी ते सांगा, माइकचं मग बघू.

मंद्र
साधी राहती खोली. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, समोर काचेची खिडकी, खाली फरशी. मी जमिनीवर गालिचा टाकून बसते. पंखा बंद ठेवते.

कोमल_ग
मी व्हायोलिन वाजवते, त्यामुळे 'छोटेच का' एवढ्यापुरतं सांगते. रच्याकने, माइकच्या डायफ्रॅमला पडदा म्हणायचा मोह होतोय, पण सतारीच्या धाग्यावर 'पडदा बारीक हवा' असं लिहिलं तर लोक दांडीवरचे पडदे घासायला बसतील. म्हणून डायफ्रॅमच म्हणते.

१० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण साडेतीन सेंटीमीटर, २० किलोहर्ट्झची पावणेदोन. मोठ्या डायफ्रॅमचा व्यास असतो अडीच सेंटीमीटरच्या घरात. म्हणजे वरच्या पट्टीतले तरंग आणि डायफ्रॅम जवळपास एकाच मापाचे झाले. असं झालं की समोरून येणारा आवाज एक वागतो आणि बाजूने येणारा दुसरंच. बाजूचा आवाज मंद, मळकट होतो. छोट्याचा व्यास सव्वा-दीड सेंटीमीटर, त्यामुळे ही गडबड बरीच वर सरकते.

आता वाद्याचा विचार करा. गायकाचा आवाज एका तोंडातून येतो. व्हायोलिन किंवा सतार अख्खीच्या अख्खी वाजते. तबलीतून एक, भोपळ्यातून दुसरं, दांडीवरून तिसरं, शिवाय खोलीतून परत आलेलं. माइकच्या नाकासमोर फक्त एक भाग असतो, बाकी सगळं तिरकंच येतं. ते तिरकं आलेलं ज्या माइकला नीट ऐकू येतं, त्याच्यात वाद्य एकसंध वाटतं. कागदावरचा समोरचा आलेख सगळ्यांचा छानच असतो. ३०, ६०, ९० अंशांचे आलेख शोधून बघा, फरक तिथे कळतो.

शून्य_डेसिबल
कोमल_ग यांच्याशी सहमत, पण दुसरी बाजू मांडायलाच हवी, कारण मंद्र यांची मूळ तक्रार 'स्स्स'ची आहे.

डायफ्रॅम छोटा म्हणजे त्यातून मिळणारा सिग्नलही छोटा, आणि माइकचा स्वतःचा आवाज त्या मानाने मोठा. आकडे बघा: केएम १८४ चा १३ डेसिबल-ए, एनटी५ चा १६, एसएम८१ चाही १६. रोडच्याच मोठ्या डायफ्रॅमच्या एनटी१-ए चा ५. म्हणजे एनटी५ आणि एनटी१-ए मध्ये ११ डेसिबलचा फरक. ढोल किंवा ट्रम्पेट असता तर हा फरक मी विचारातही घेतला नसता. सतारीच्या तरफांसाठी घेईन.

चहूबाजू
@शून्य_डेसिबल, घरातली रात्रीची शांतता धरली तरी ती २५-३० डेसिबलच्या खाली सहसा जात नाही. मग माइकच्या १६ ची काळजी कशाला?

शून्य_डेसिबल
कारण दोघांचा रंग वेगळा असतो. खोलीची ती शांतता म्हणजे बहुतेक खालचा घुमारा: रहदारी, फ्रिज, इमारतीचं थरथरणं. माइकचा आवाज वरच्या पट्टीत सगळीकडे पसरलेला असतो आणि तरफांची चमकही तिथेच असते. खालचा घुमारा फिल्टरने कापता येतो. वरचा 'स्स्स' कापायला गेलात तर तरफाच कापल्या जातात. करून बघितलंय, एक अख्खा आलाप पुन्हा वाजवून घ्यावा लागला होता.

एक मात्र खरं, मंद्र यांना सध्या जो 'स्स्स' येतोय तो बहुधा माइकचा नसून प्रीअँपचा, म्हणजे इंटरफेसमधल्या सिग्नल मोठा करणाऱ्या भागाचा असणार. डायनॅमिक माइकचं आउटपुट फार कमी, म्हणून गेन शेवटपर्यंत फिरवावा लागतो. कोणताही धड कंडेन्सर लावला तरी गेन पुष्कळ खाली येईल आणि निम्मी तक्रार तिथेच संपेल.

वेणुनाद
बासरीवाल्यांचं आधीच उलटं असतं, आमची फुंकच माइकपेक्षा मोठी. :) वाचनखूण साठवली आहे, चालू द्या.

पडघम
खोलीचं वर्णन वाचलं. तुमची खरी अडचण खिडकी नसून फरशी आहे. जरा आकडेमोड करू.

सतारीची तबली जमिनीपासून ३० सेंटीमीटर धरा. माइक ४० सेंटीमीटर उंचीवर, वाद्यापासून ५० सेंटीमीटर पुढे. थेट येणारा आवाज ५१ सेंटीमीटर चालतो. फरशीवर आपटून येणारा ८६. फरक ३५ सेंटीमीटर. ज्या स्वराची तरंगलांबी ७० सेंटीमीटर, त्याचे हे दोन तरंग माइकपाशी एकमेकांच्या विरुद्ध पोचतात. तो स्वर म्हणजे ४९० हर्ट्झच्या आसपास. ऐन गाण्याच्या पट्टीत सात-आठ डेसिबलचा खळगा पडतो. गालिचा वरच्या पट्टीला थोडा आवरतो, ४९० ला फारसा नाही. असं झालं की माणूस म्हणतो, 'माइक पोकळ वाटतोय,' आणि दुसरा माइक विकत घेतो. खळगा तिथेच राहतो.

उपाय दोन. वाद्य आणि माइक दोन्ही वर घ्या: लाकडी चौरंगावर किंवा पाटावर बसा. नाहीतर उलटं करा, माइक जवळजवळ जमिनीलाच टेकवा. फरशीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर दोन्ही वाटांतला फरक इतका कमी होतो की खळगा ऐकू येण्याच्या पट्टीत फार वर जातो, आणि तिथे गालिचा त्याला थोडा आवरतो.

कोमल_ग
जमिनीलगत माइक? ही युक्ती मला नवीन आहे. उद्याच करून बघते.

चहूबाजू
आता माझा मुद्दा, कारण कार्डिऑइडच घ्यायचं असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं दिसतंय.

कार्डिऑइड माइक वाद्याच्या जवळ नेला की खालचे स्वर फुगतात. १५-२० सेंटीमीटरवर गिटारची सहावी तार ढोलासारखी होते, सतारीची खर्जाची तार सगळं झाकून टाकते. ओम्नीमध्ये हा प्रकारच नसतो, कारण तो फक्त दाब मोजतो. म्हणून ओम्नी वाद्याच्या अगदी जवळ नेता येतो. जवळ नेला की थेट आवाज वाढतो, गेन कमी लागतो आणि खोली आपोआप मागे पडते. अंतर निम्मं केलं की ढोबळमानाने ६ डेसिबल मिळतात. शून्य_डेसिबल ज्या ११ साठी भांडतायत, त्यातले ६ असेच वसूल झाले. शिवाय ओम्नीचा खालचा सूर खोलवर जातो आणि तिरका आवाजही स्वच्छ राहतो.

'ओम्नी म्हणजे खोली जास्त ऐकू येते' हे अर्धंच वाक्य आहे. समान अंतरावर येते, हे पूर्ण वाक्य.

तबलजी
@चहूबाजू, एकटी सतार असेल तर मान्य. शेजारी मी बसलो तर? दीड हातावर तबला वाजत असताना सतारीच्या ओम्नीत मीच जास्त ऐकू येईन. दोघांना वेगळं धरायचं तर कार्डिऑइड लागतोच. त्याची पाठ माझ्याकडे करायची. हायपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद कोनातून ऐकणारा) असेल तर त्याची बहिरी बाजू साधारण ११० अंशांवर असते, तेव्हा पाठ सरळ माझ्याकडे न करता जरा तिरकी ठेवायची. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि मग 'माइक तबला खातोय' अशी तक्रार येते.

तबल्यासाठी आणखी एक: माइक चाटीच्या (तबल्याच्या कडेच्या) फार जवळ आणू नका. तबला आणि डग्गा यांच्या मध्ये, वरून, हातभर अंतरावर एक छोटा कंडेन्सर ठेवला की डग्ग्याची घुमक आणि चाट यांचं प्रमाण कानाला येतं तसंच येतं. डग्ग्याला वेगळा माइक लावला की तो दुसऱ्याच खोलीत वाजतोय असं वाटायला लागतं.

चहूबाजू
शेजारी तबला असेल तर कार्डिऑइड, यात वाद नाही. पण धागाकर्त्या भावाबहिणींचं रेकॉर्डिंग वेगवेगळं होतंय ना?

मंद्र
हो, एका वेळी एकच वाद्य. एकत्र वाजवायचं मनात आहे, पण पुढे कधीतरी.

जुना_खांब
मी बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात होतो. वाचून आनंद झाला, म्हणून थोडं जुनं सांगतो. अवांतर वाटलं तर माफ करा.

तुम्ही ज्या ४८ व्होल्टबद्दल सहज बोलता, त्या आकड्याला एक कारण आहे. १९६६ साली न्यूमनने ट्रान्झिस्टरवर चालणारा छोटा माइक, केएम ८४, नॉर्वेच्या रेडिओसाठी आणला. नॉर्वेच्या लोकांना माइकसाठी वेगळी वीजपेटी नको होती, केबलमधूनच वीज हवी होती. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच वापरला आणि तोच जगभर रूढ झाला. त्याआधी व्हॉल्व्हवाल्या माइकबरोबर पेटी, जाड केबल, गरम व्हायला लागणारा वेळ, हे सगळं आलंच. कंडेन्सर माइक मुळात त्याहून पुष्कळ जुना. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वेंट यांनी तो १९१६ च्या सुमारास बनवला होता.

आता कामाचं. कंडेन्सरला दमट हवा सोसत नाही. आतल्या डायफ्रॅम आणि मागच्या पट्टीत केसाहून कमी अंतर असतं. तिथे ओल धरली की आधी बारीक चरचर ऐकू येते, मग मधूनच तडतड. एका पावसाळ्यात माझा एक माइक असाच तडतडू लागला. मी इकडे केबल बदल, तिकडे प्रीअँप बदल, दोन दिवस घालवले. शेवटी सिलिका जेल टाकून डब्यात बंद करून ठेवला. दोन दिवसांनी ठणठणीत. तेव्हापासून काम संपलं की माइक स्टँडवर ठेवायचा नाही, झाकणबंद डब्यात ठेवायचा. जेलचे दाणे रंग बदलले की भाजून पुन्हा वापरायचे.

आणि ४८ व्होल्ट चालू-बंद करताना मॉनिटरचा आवाज आधी खाली घ्या. तो धाडकन येणारा ठोका स्पीकरला आणि कानाला दोघांनाही वाईट.

कोमल_ग
जुना_खांबकाका, अवांतर कसलं, असं लिहीत राहा. दिव्यांची गोष्ट मला माहीत नव्हती.

वेणुनाद
जुळवलेल्या जोडीचं कोणी बोललं नाही अजून.

शून्य_डेसिबल
मी बोलतो. 'जुळवलेली' म्हणजे दोन्हींची संवेदनशीलता आणि आलेख एका ठरावीक मर्यादेत सारखे. ती मर्यादा किती, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून शब्दावर न जाता घरी तपासा. दोन्ही माइकची डोकी एकमेकांना जवळजवळ चिकटवून समोर ठेवा. मीटरभरावरून बोला किंवा तार छेडा. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (तरंगाची वर-खाली दिशा) उलटी करून दोन्ही एकत्र ऐका आणि एकाची पातळी हळूहळू फिरवत सगळ्यात कमी आवाज येईल तिथे थांबा. जोडी चांगली असेल तर आवाज एकदम बारीक होऊन फक्त वरची थोडी खसखस उरते. ती उरणारच, कारण दोन डोकी एकाच जागी असू शकत नाहीत. अंगाचा भरीव आवाज उरला तर जोडी जुळलेली नाही.

पडघम
पण त्याची गरज कुठे, ते ठरवा. ओआरटीएफ ही स्टीरिओ मांडणी लावणार असाल, म्हणजे दोन माइकमध्ये १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, तर जुळलेली हवी, नाहीतर वाद्य मधोमध न बसता एका बाजूला सरकतं, स्वर बदलला की जागाही बदलते. एक माइक तबलीकडे आणि एक दांडीकडे अशी मांडणी असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे माइकही चालतात.

एकट्या वाद्याला अर्ध्या मीटरवरून रुंद स्टीरिओ करू नये, हे माझं ठाम मत. सतारिया मींड घेताना जरा हलला की वाद्य या कानातून त्या कानात पळतं. आणि दोन माइक लावलेत की ते एकत्र करून, मोनोमध्ये एकदा ऐकाच. आवाज पातळ झाला तर एक माइक पाच-सात सेंटीमीटर सरकवा आणि पुन्हा ऐका.

सप्तक_१२
गिटारवाल्या भावासाठी: आवाजाच्या भोकासमोर माइक लावायचा नाही. तिथून पेटीतली हवाच घुमत बाहेर येते, सगळं गुबगुबीत होतं. मान जिथे पेटीला मिळते तिथे, साधारण बाराव्या-चौदाव्या पट्टीसमोर (फ्रेटसमोर), वीत-दीड वीत अंतरावर, किंचित भोकाकडे वळवून सुरुवात करा. मग एका कानात बोट घालून दुसरा कान माइकच्या जागी नेऊन ऐका. जिथे कानाला बरं वाटतं तिथेच माइक. भावाला वाजवत ठेवा, कान मंद्रताईंनी लावावा.

मंद्र
सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीकडून तीन दिवसांसाठी दोन छोटे कंडेन्सर मिळाले. डोकी बदलता येणारे आहेत, कार्डिऑइड आणि ओम्नी दोन्ही. जे केलं ते लिहिते.

पहिल्या दिवशी कार्डिऑइड, ५० सेंटीमीटर, जमिनीवर बसून. 'स्स्स' खरंच निम्म्याहून कमी झाला, म्हणजे प्रीअँपचाच होता. पण पडघम म्हणाले तो पोकळपणा स्पष्ट आला. मध्य सप्तकातले दोन स्वर गिळल्यासारखे. मग पाटावर बसून, माइक वर घेऊन तेच वाजवलं. ते स्वर परत आले. माइक तोच, फक्त मी वीतभर वर. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की तोच तुकडा चार वेळा ऐकला.

दुसऱ्या दिवशी ओम्नी, २५ सेंटीमीटर, घोडी आणि शेवटच्या पडद्याच्या मधल्या भागाकडे, वरून तिरका. मिजराबीची (तार छेडायच्या नखीची) टकटक सुरुवातीला फार आली. माइक उजव्या हाताकडून काढून दांडीकडे चार बोटं सरकवला आणि ती मागे गेली. आणि मींड सोडल्यावर तरफा उठतात, एकेक करून विझतात, ते सगळं आलं. शेवटची तार विझेपर्यंत मी मोजलं, नऊ सेकंद. आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये तीनच ऐकू यायचे.

तिसऱ्या दिवशी भावाची गिटार. त्याला ओम्नी आवडला नाही, खिडकीची काच ऐकू येते म्हणाला. कार्डिऑइडवर, बाराव्या पट्टीसमोर, तो खूश आहे.

चहूबाजू
नऊ सेकंद! वा.

शून्य_डेसिबल
तुलना करताना पातळी सारखी केली होती का? एक डेसिबलने मोठा असलेला माइक नेहमी 'जास्त छान' वाटतो.

मंद्र
हो, चिकारीच्या तारेचा एकच ठोका धरून दोन्ही ट्रॅक जुळवले, मग ऐकले.

तर निर्णय: डोकी बदलता येणारी जोडी घेतेय, ऑक्टाव्हा एमके-०१२, ओम्नी आणि कार्डिऑइड दोन्ही डोक्यांसकट. सतारीला एक, गिटारला दुसरं, आणि पुढे तबलजींसारखं कोणी शेजारी बसलं तर तेव्हाही अडणार नाही. जुळवलेली जोडी मुद्दाम मागितलेली नाही, कारण ओआरटीएफ करणार नाहीये.

तबलजी
बोलवा, येतो.

पडघम
योग्य निवड. दोन गोष्टी: डोकं फिरवून काढता-लावताना ४८ व्होल्ट बंद असू द्या आणि संपर्काच्या जागेला बोट लावू नका. आणि पाट करकरत नाही ना ते बघा, ओम्नीत ते लगेच येतं.

मंद्र
करकरतोय! खाली रबराचे तुकडे लावले. दोन मिनिटांचा आलाप चढवलाय, ऐकून सांगा.

जुना_खांब
हेडफोन लावून ऐकला. एक मिनिट दहा सेकंदाला, मंद्र पंचमावर तुम्ही थांबता तिथे तरफा उठताना ऐकू आल्या आणि मी पुन्हा मागे जाऊन ऐकलं. सुंदर. फक्त दांडीचा माइक डावीकडे आणि तबलीचा उजवीकडे आलाय. समोर बसलेल्याला तुमची सतार जशी दिसते, त्याच्या उलटी ती मला ऐकू आली. दोन केबलींची अदलाबदल करा.

मंद्र
केली, काका. नवीन फाइल चढवली आहे.